खाली काय अंथरलंय?

कोंबडी आणि मुसलमानाचं घर ही जोडी मराठी बोलण्यात फार घट्ट बसलेली आहे. ईद जवळ आली की ओळखीची माणसं हसून विचारतात, "मग, बिर्याणीला कधी बोलावताय?" विचारण्यात आपुलकी असते, आम्हीही आपुलकीनं बोलावतो. पण वर्षातून जितके दिवस कोंबडी आमच्या ताटात असते, त्याच्या कितीतरी पट दिवस ती आमच्या अंगणात असते. तिची रवण बसवणं, पिलं काढणं, घारीपासून आणि मुंगसापासून ती राखणं, अशक्त पिलाला उशाशी घेऊन रात्र काढणं, हे सगळं आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटत राहतं. पण एका पिलाच्या पायांनी आमच्या घराला जे शिकवलं, ते मात्र सांगावंसं वाटतं.

आम्ही म्हणजे एका घरातल्या दोघी जावा. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात आमचं घर आहे. लिहिणारा हात एकीचा असला तरी बोलणं दोघींचं आहे, म्हणून 'आम्ही'. घरात शेती थोडी, माणसं जास्त. परसात खुराडं आणि त्यात दहा-पंधरा गावठी कोंबड्या. कोंबड्यांचा पैसा बाप्ये आपल्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून तो आमचा. पोरांच्या वह्या, मुलांना कुरआन शिकवणाऱ्या मौलाना साहेबांचा हदिया, उरुसातल्या बांगड्या, माहेरी जायचं एस.टी.चं भाडं, सगळं अंड्यांतून निघतं. त्यामुळे पिलू जगणं-मरणं ही आमच्याकडे नुसती हळहळण्याची गोष्ट नसते.

कोंबडी खुडूक झाली की टोपलीत राख-पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवायचं आणि दिवस मोजायचे. एकविसाव्या दिवशी कवच टोचल्याचा आवाज येतो. पिलू बाहेर येतं तेव्हा ओलंचिंब, मान टाकलेलं, जगेल असं वाटतच नाही. पण अंग वाळलं की काही तासांत ते पायावर उभं राहतं. जन्मल्याबरोबर त्याला दाणा लागत नाही. अंड्यातला उरलेला बलक त्यानं जन्मायच्या आधी पोटात ओढून घेतलेला असतो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. अंडी उबवणी केंद्रांतली एक दिवसाची पिलं खोक्यांत भरून शेकडो मैल पाठवता येतात ती याच शिदोरीवर. म्हणजे पोटाची सोय अल्लाहनं आधीच करून ठेवलेली असते. पायांचं मात्र तसं नाही. ते बाहेर आल्यावर लगेच कामाला लागावे लागतात, आणि त्यांना लागणारी जमीन बाहेरच्यांनी द्यावी लागते.

२०२३च्या रमजानचा दुसरा आठवडा असेल. इफ्तारीसाठी कलिंगड आणि खजूर आणायला आमचा पाचवीतला पोरगा आठवडी बाजारात गेला होता. असरच्या सुमाराला परत आला तो एका हातात पिशवी आणि दुसरा हात सदऱ्याखाली. सदऱ्याखालून चिवचिवाट येत होता. त्यानं ओट्यावर एक गुलाबी रंगाचं पिलू ठेवलं. ठेवल्याबरोबर त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना सरकले आणि ते पोटावर पसरलं. उठायला धडपडलं की पाय आणखी फाकायचे. पोहायला न येणारं माणूस पाण्यात हातपाय मारतं, तसं ते ओट्यावर पाय मारत होतं.

विकणाऱ्यानं ते फुकट दिलं होतं. "हे चालत नाही, न्यायचं तर ने," म्हणाला होता.

ही रंगीत पिलं सगळ्यांनी पाहिलेली असतात. बाजारात, उरुसात, जत्रेत पुठ्ठ्याच्या खोक्यात गुलाबी, हिरवी, पिवळी पिलं घेऊन माणसं बसतात आणि पोरं आईचा पदर ओढतात. त्या रंगामागची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांच्या जाती वेगळ्या आणि मांसासाठीच्या वेगळ्या. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा भराभर अंगही धरत नाही. त्यामुळे एका दिवसाच्या पिलांतून माद्या निवडून घेतल्या की उरलेले नर कुणालाच नको असतात. जगभर अशी नर पिलं पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची रीत पडली. जर्मनीनं १ जानेवारी २०२२पासून कायदा करून ती बंद केली. आपल्याकडे त्यांतली काही रंगात बुडवून बाजारात येतात, चार दिवस पोरांच्या हातात खेळतात आणि संपतात. आमच्या ओट्यावर आलेलं पिलू त्या नकोशांतलंही नकोसं होतं. त्याला नुसता रंग होता, पाय नव्हते.

शेजारची एक बाई म्हणाली, "रोग असंल. बर्ड फ्लूवाणी कायतरी. टाका लांब नेऊन." तिची भीती अगदीच उगाच नव्हती. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, भारतातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि त्या दिवसांत आमच्यासारख्या लांबच्या गावांतही अंड्याला कुणी हात लावत नव्हतं. कोंबड्यांत पाय लुळे पाडणारा एक संसर्गाचा रोगही आहे. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली तो पहिल्यांदा नोंदवला, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. एक पाय पुढं, एक मागं टाकून पक्षी बसून राहतो. पण मारेक दिसतो तो पिलू काही आठवड्यांचं झाल्यावर. एका-दोन दिवसांच्या पिलाचे पाय असे बाजूला फाकतात, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं. तरी नवीन पिलू आपल्या कोंबड्यांत सोडायचं नाही, वेगळं ठेवायचं, हात लावला की साबणानं धुवायचे, हा नेम आम्ही पाळला.

दुसरा सल्ला आला तो "सुरी फिरवून मोकळं करा" असा. आमच्या नात्यातले एक मामू बाजारपेठेत कोंबडीचं दुकान चालवतात. बिस्मिल्लाह म्हणून दिवसाला पन्नास-साठ कोंबड्या कापणारा माणूस. तेच पिलाकडे बघून म्हणाले, "इत्तेसे जीव पो छुरी नै चलाते." मग पिंजऱ्यातल्या ब्रॉयलरांचं सांगू लागले. पाच-सहा आठवड्यांत तो पक्षी दोन किलोचा होतो. मांस चढतं, पण त्या वेगानं पाय तयार होत नाहीत. कितीतरी पक्षी उभेच राहू शकत नाहीत, बसल्या बसल्या खातात. "गिऱ्हाईक वजन बघतंय. पाय कोण बघतंय?" मामू म्हणाले आणि उठून गेले.

पाय बघितले ते दादीमांनी. दादीमा म्हणजे आमच्या सासूबाई. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पोरगा त्यांच्यापुढं पिलू धरून विचारत होता, "दादीमा, इसके पाँव टूटे क्या?" त्यांनी पिलू तळव्यावर घेतलं. एका बोटानं नडगी चाचपली, घोट्याला सूज आहे का बघितलं, बोटं सरळ आहेत का बघितलं. मग म्हणाल्या, "पाँव कू क्या देखता? तळ देख पैले. काय पो बैठा था ये?"

पोरानं सांगितलं, पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यात वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद.

"हौ," दादीमा म्हणाल्या, "तबीच."

तेवढ्यात सगळं आलं होतं. नव्या पिलाची हाडं मऊ असतात, सांध्यांचे स्नायूबंद अजून घट्ट झालेले नसतात. पहिल्या दिवशी पायाखाली खरखरीत काही असलं की बोटं रुततात, मांड्यांचे स्नायू पाय आत ओढायला शिकतात आणि पिलू चालतं. तळ गुळगुळीत असला की प्रत्येक प्रयत्नाला पाय बाहेर निसटतो. पिलू जितकी जास्त धडपड करील तितके पाय जास्त फाकतात आणि दोन-चार दिवसांत ते तसेच पक्के होतात. कधी अंडी उबवताना ऊब कमी-जास्त झाली, कधी पिलू अंड्यात अवघडून बसलं, तरीही असं होतं. पण बहुतेक वेळा दोष तळाचा असतो. पिलाला मात्र 'लंगडं' हे नाव जन्माचं चिकटतं.

उपाय साधा होता. अवघड होती ती त्याची वेळ. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात घातला तर पाय जागेवर येतात. आठवडा गेला की हाड आपलं वळण धरतं, मग फारसं काही होत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी, मगरिबची नमाज झाल्यावर, कंदिलाच्या जागी मोबाईलचा उजेड धरून आम्ही कामाला बसलो.

दादीमांच्या काळी मऊ लोकरीचा धागा किंवा जुन्या मलमलीची चिंधी बांधत. आम्ही जखमेवर लावायची चिकटपट्टी घेतली आणि तिच्या लांबीच्या दोन बारीक पट्ट्या कापल्या. एकीनं पिलू पालथं न करता हातात सरळ धरलं, पाय पोटाखाली नीट आणले. दुसरीनं पट्टी एका पायाच्या नडगीभोवती, पंजाच्या थोडी वर, फिरवून दुसऱ्या पायाभोवती नेली आणि पट्टीचा चिकट भाग पट्टीवरच चिकटवला, कातडीवर नाही. दोन पायांत साधारण इंचभर अंतर ठेवलं. याहून कमी ठेवलं तर पिलू तोंडावर पडतं, जास्त ठेवलं तर बांधल्याचा उपयोग नाही. आवळून बांधायचं नाही, रक्त थांबतं. बांधल्यावर बोटं थंड किंवा निळसर तर होत नाहीत ना, ते घटकाभरानं पाहायचं. पिलू रोज वाढतं, म्हणून पट्टी रोज कोमट पाण्यानं सोडवून नवी बांधायची.

मग तळ. एक खोकं घेतलं, त्यात गोणपाट अंथरलं. त्याचे सुटे दोरे आधी कापून कडा शिवून घेतल्या, नाहीतर दोऱ्यात बोट अडकून नवंच दुखणं व्हायचं. वर ऊब हवी. पहिल्या आठवड्यात पिलाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे ती फुकट मिळते, पण पहाट गार असते. घरात सगळे एलईडी दिवे. उजेड भरपूर, ऊब नाही. पोरगा चार दुकानं हिंडून तारेचा जुना पिवळा बल्ब घेऊन आला. बल्ब खोक्याच्या एका बाजूला टांगला, म्हणजे गरम झालं तर पिलाला दुसऱ्या बाजूला सरकता यावं. पिलू बल्बखाली चिकटून ओरडत असलं तर त्याला थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून धापत असलं तर गरम होतंय. मोजपट्टीपेक्षा पिलू बरोबर सांगतं.

पाण्याचं भय मोठं. पाय बांधलेलं पिलू वाटीत पडलं तर बोटभर पाण्यातही बुडून मरतं. म्हणून बरणीचं झाकण घेतलं, त्यात स्वच्छ खडे मांडले आणि खड्यांच्या फटींतून पाणी. चोच जाईल, पिलू जाणार नाही. खायला ज्वारीच्या बारीक कण्या, पिलांचा तयार भरडा आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. बलकाला पोरगं हसलं, "कोंबडीच्या पिलाला अंडंच?" पण पायांच्या बोटांना वळ पडतो तो पुष्कळदा बी-टू जीवनसत्त्व कमी पडल्यानं, आणि ते बलकात असतं, दुधात असतं, हिरव्या पाल्यात असतं. पाण्यातून द्यायची जीवनसत्त्वांची पूड जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते, तीही आणली. बसून राहणाऱ्या पिलाची शी मागं चिकटून वाळते, वाट बंद होते आणि पिलू त्यानंच मरतं. म्हणून कोमट पाण्याच्या कापसानं ते दिवसातून दोनदा पुसायचं. अशा गोष्टी छापील लेखात फारशा लिहीत नाहीत, पण पिलू जगतं ते अशाच गोष्टींवर.

रमजान होता म्हणून एक बरं झालं. सेहरीला घर जागंच असायचं. रात्री तरावीहून परत आल्यावर बाप्ये एकदा खोक्यात डोकावायचे, साडेतीनला आम्ही चूल पेटवताना आणखी एकदा. पोरानं आपणहून एक काम घेतलं होतं. चहाच्या कपात मऊ फडकं घालून त्यात पिलाला उभं करायचं, म्हणजे पाय आपोआप पोटाखाली सरळ राहतात आणि अंगाचा भार थोडा-थोडा त्यांच्यावर येतो. पाच मिनिटं कपात, मग गोणपाटावर. असं दिवसातून सहा-सात वेळा. दमलं की सोडून द्यायचं. दमलेल्या जिवाला शिकवता येत नाही.

पिलू रात्रभर ओरडायचं, एकटं असल्यामुळे. आमच्या एका खुडूक कोंबडीनं दोन दिवसांपूर्वीच नऊ पिलं काढली होती. अंधारात तिच्या पंखाखाली परकं पिलू सरकवलं तर कधी कधी ती घेते. पण आमचं हे गुलाबी, त्यात बांधलेलं. कोंबडी वेगळ्या दिसणाऱ्या पिलाच्या डोक्यावर टोची मारते. शिवाय बाहेरून आलेलं पिलू खुराड्यात न्यायची भीती होतीच. म्हणून उलटं केलं. तिच्या नवांतलं एक धडधाकट पिलू आणून खोक्यात सोडलं. एकाला लागण निघालीच तर दोन जातील, पण बाकीची वाचतील, असा हिशेब. त्या रात्री पहिल्यांदा ओरडणं थांबलं. सकाळी बघतो तर गावठी पिलू टुणटुण फिरत कण्या टिपतंय आणि गुलाबी पिलू त्याच्याकडे बघून चोच मारतंय. दाणा टिपायला पिलं एकमेकांचं पाहून लवकर शिकतात. आम्ही दोन दिवस बोटानं ठकठक करून जे शिकवत होतो, ते त्या सोबत्यानं एका सकाळी शिकवलं.

दुसऱ्या दिवशी ते उभं राहिलं आणि पडलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय एकदम टाकत उड्या मारत चाललं. चौथ्या दिवशी इफ्तारीच्या आधी पट्टी काढली. सगळं घर भोवती बसलेलं. पिलू जरा वेळ तसंच उभं राहिलं, पट्टी अजून आहे असं समजून. मग एक पाय टाकला, मग दुसरा. पाय थोडे फाकले, पण बोटं गोणपाटात रुतली आणि ते सावरलं. अजान झाली तरी पोरगं खजुराला हात लावायला तयार नव्हतं. दादीमांनी त्याच्या तोंडात खजूर कोंबला.

प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही सांगायला हवं. २०२१च्या पावसाळ्यात आमच्याच कोंबडीच्या पिलांत एकाचा पाय गुडघ्यासारख्या सांध्यापाशी सुजून बाहेर वळला होता. तालुक्याच्या पशुवैद्यांना दाखवलं. त्यांनी बोटानं दाखवलं, सांध्यामागच्या खोबणीतून शीर बाजूला सरकली होती. चाऱ्यात मँगनीजसारखी द्रव्यं कमी पडली की असं होतं, म्हणाले, काही वेळा उपजतही असतं. अगदी सुरुवातीला शीर जागेवर बसवता येते, पण टिकेलच असं नाही. आमच्या पिलाची टिकली नाही. पाचव्या दिवशी ते गेलं. कडुनिंबाच्या बुडाशी खड्डा केला. पोरं रडत होती आणि दुसरीकडे आम्हाला संध्याकाळचा स्वयंपाक होता. कोणत्या पायाला पट्टी लागते आणि कोणत्या पायापुढं हात टेकावे लागतात, हे ओळखता येणं हाही सांभाळण्याचाच भाग आहे.

त्या संध्याकाळी दादीमांनी पोरांना एक हदीस सांगितली होती. हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर, लहान मूल. त्यानं एक चिमुकला पक्षी पाळला होता आणि तो मेला. पैगंबर साहेब (स.) घरी आले तेव्हा मूल हिरमुसून बसलेलं. त्यांनी त्याला बापासारखं कुनियतीनं, मोठ्या माणसाला हाक मारावी तसं, पुकारलं आणि त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. एवढीच हदीस. ज्यांच्या खांद्यावर उम्मतीचा भार होता, त्यांना एका पोराच्या मेलेल्या पाखराची विचारपूस करायला वेळ होता. सूरह अनआममध्ये पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलंय, हे आमच्या लहानपणी मौलाना साहेब सांगायचे. तेव्हा ते पाठ झालं होतं. कळलं ते खोक्यापाशी बसून.

आणखी एक गोष्ट कळली, ती पोराबद्दल. गावात उर्दू शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला, २०२२च्या जूनमध्ये, तो मराठी शाळेत गेला. घरात दखनी, मदरशात अरबी, चार वर्षं उर्दू, आणि आता एकदम मराठी. आजवर उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या हाताला डावीकडून उजवीकडे लिहायचं. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा आणि विचारलं की गप्प राहायचा. वर्ष संपत आलं तेव्हा शाळेतून निरोप आला, "मुलगा कच्चा आहे, याला झेपत नाही. उर्दूलाच घाला." उर्दू हायस्कूल तालुक्याला, जाऊन-येऊन दोन तासांचं अंतर. म्हणजे न सांगता सांगितलेलं एवढंच की, शाळा सोडवा.

हा निरोप आला तो पट्टी सोडल्याच्या आठवड्यातच. घरात बोलणं चाललं होतं. कुणी म्हणालं गॅरेजला पाठवू, कुणी म्हणालं बघू. दादीमा तसबीह ओढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "इसके नीचे क्या बिछाया है किसीने?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं. पोराला गणित येत होतं. बाजारातून उरलेले पैसे तो आमच्यापेक्षा लवकर मोजायचा. अडत होतं ते शब्दांत. 'बेरीज' म्हणजे 'जोड', 'वजाबाकी' म्हणजे 'बाकी' हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण वर्गातल्या बाकी सगळ्यांना ते घरूनच येत होतं. मूल कच्चं नव्हतं, पायाखाली रुतायला काही नव्हतं. थोरलीचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालेलं. त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ती वर्तमानपत्र घेऊन बसली. पोरगा मोठ्यानं वाचायचा, अडला की शब्दाला दखनीत काय म्हणतात ते ती सांगायची आणि तो वहीत दोन्ही लिहून काढायचा. शेजारच्या घरातल्या त्याच्याच वर्गातल्या मुलाला आम्ही रोज सोबत बोलावलं. दोघं गणितं करायचे, भांडायचे, मराठीतच भांडायचे. सहावीत तो मागच्या बाकावरून तिसऱ्यावर आला. पहिला नंबर वगैरे काही आला नाही. उभा राहिला, चालू लागला, तेवढं पुष्कळ.

आपल्या वस्त्यांतून शाळा सुटलेली पोरं पाहिली की आम्हाला हल्ली हा प्रश्न पडतो. पोरांच्या पायांबद्दल बोलणारे पुष्कळ असतात, बाहेरचेही आणि आपलेही. यांना शिक्षणाची आवड नाही, यांचं डोकं चालत नाही, असं म्हटलं की काम संपतं. तळ बघायला वाकावं लागतं. आणि दिवस थोडे असतात. पिलाचे तीन, पोराचे दोन-तीन वर्षं.

पिलाचं पुढं काय झालं, ते विचारतात. गुलाबी रंग महिनाभरात पिसांबरोबर गळाला आणि आतून पांढराशुभ्र कोंबडा निघाला. डाव्या पायाचं एक बोट जरा वाकडं राहिलं, त्यावर त्याचं काही अडलं नाही. २९ जून २०२३ला बकरी ईद होती, तेव्हा तो तीन महिन्यांचा झाला होता आणि बेसूर बांग द्यायला लागला होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी त्याच्याकडे बघून मसाल्याची चौकशी केली. शरीयतनं तो हलाल, आमचंही घर कोंबडी खाणारं, त्याबद्दल आम्हाला कधी संकोच वाटला नाही. पण दादीमा म्हणाल्या, "जिसकू हात से खड़ा किये, उसकू हात से नक्को लिटाओ." फतवा नव्हता, नुसता कल होता. तो पाळला गेला. पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री मुंगसानं त्याला नेलं. मुंगूसही पोट घेऊनच आलेलं असतं.

अंड्यांच्या धंद्यात ज्याचा उपयोग नाही म्हणून तो बाजारात फेकला गेला होता, त्याच्या रक्ताच्या चार तलंगा आज आमच्या खुराड्यात आहेत आणि गावठी कोंबड्यांपेक्षा जास्त अंडी देतात. एक उणं आहे, त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली घालावी लागतात. एकीनं द्यायची, दुसरीनं उबवायची, असं चालतं. जावाजावांच्या घरात त्याचं काही नवल नाही.

आता वस्तीतून, माळीआळीतून, कधी पलीकडच्या गावातूनही बायका पाय फाकलेली पिलं पदरात घेऊन येतात. काही वाचतात, काही जात्याच उशिरा येतात. २०२४च्या पावसाळ्यात एक आजीबाई आल्या. भिजत आलेल्या, ओच्यात पिलू. "पाय मोडलंय बघा बायांनो, जगतंय का नाय?" आम्ही दोघी चुलीपाशी होतो. पोरगा पुढं झाला. पिलू तळव्यावर घेतलं, नडगी चाचपली, घोटा बघितला आणि स्वच्छ मराठीत विचारलं,

"आजी, मोडलेला नाही. आधी सांगा, घरी याच्या खाली काय अंथरलंय?"